पदवीनंतरचा व्हिसा म्हणजे कायमचा निवास नव्हे. कर्जाआधी पालकांना हे कळू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पदवी परीक्षांचे निकाल लागू लागले की दादर, ठाणे, बोरिवली, डोंबिवली अशा ठिकाणी परदेशी शिक्षणाचे मेळावे भरू लागतात. हॉलमध्ये टेबले मांडलेली असतात, विद्यापीठांचे फलक लागलेले असतात आणि पालक मुलांच्या गुणपत्रिकांची फाइल मांडीवर घेऊन आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या टेबलावरचे गणित ठरलेले असते: दोन वर्षांचे मास्टर्स, मग तीन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा, मग पी. आर., म्हणजे कायम निवास. दादरला फास्ट लोकल पकडली की ठाण्यानंतर कल्याण यायचेच, तितक्या सहजपणे हे तीन टप्पे एकापाठोपाठ एक सांगितले जातात. पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर जाणे, अटी पाळल्या तर, बहुतेकांना जमते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाण्याचे मात्र तसे नाही, आणि ही गोष्ट पालकांना कर्जाच्या कागदांवर सह्या करण्यापूर्वी कळावी एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची बरीच वर्षे शैक्षणिक कर्जांचे काम माझ्याकडे होते. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीतली मुले कागदपत्रे घेऊन घरी येतात, आणि माझी स्वतःची भाची सध्या मेलबर्नमध्ये याच वाटेवर आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याचे नियम मला ऐकीव माहितीवर न सोडता मुळातून वाचावे लागले. ते वाचताना आणि या मुलांचे अनुभव ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. मुले हुशार असतात, कष्टाळू असतात, पालक पै-पै जोडून पैसा उभा करतात, आणि तरीही ज्या प्रश्नावर सगळा बेत उभा आहे तो प्रश्न कोणीही वेळेवर विचारलेला नसतो.

ज्याला आपण ग्रॅज्युएट व्हिसा म्हणतो तो ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेत ४८५ क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा आहे. तिथे किमान दोन शैक्षणिक वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला, अभ्यासक्रम संपल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज केल्यास, ठरावीक मुदतीपर्यंत राहून काम करण्याची परवानगी त्यातून मिळते. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी झालेल्या आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरपासून लागू झालेल्या व्यापार करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना इथे थोडा लाभ आहे: मास्टर्स केलेल्या इतर देशांच्या विद्यार्थ्याला सर्वसाधारणपणे २ वर्षे मिळतात, तिथे आपल्या मुलांना ३ वर्षे मिळतात, आणि पीएच. डी. केलेल्यांना ४. हा लाभ खरा आहे आणि त्याचे मोल कमी नाही. परंतु या व्हिसाच्या पोटात कायम निवासाचा कोणताही हक्क नाही. मुदत संपली की संपली. तोवर दुसरा काही मार्ग झाला नसेल तर परत यावे लागते.

हे नियम स्थिर नसतात, ही दुसरी अडचण. जुलै २०२३ पासून काही निवडक पदव्यांच्या धारकांना या व्हिसावर आणखी दोन वर्षे वाढवून दिली जाऊ लागली. ती सवलत हिशेबात धरून कित्येकांनी अभ्यासक्रम निवडले, आणि एका वर्षात, १ जुलै २०२४ पासून, ती बंद झाली. त्याच दिवशी या व्हिसासाठीची वयोमर्यादा बहुतेकांकरिता ५० वरून ३५ वर आली. संशोधनाची पदवी घेणाऱ्यांसारखे मोजके अपवाद राहिले. त्याआधी मार्चमध्ये इंग्रजीची अट आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ६.५ अशी वाढली होती. शिवाय ग्रॅज्युएट व्हिसा संपत आला की एखाद्या स्वस्त अभ्यासक्रमाला नाव घालून पुन्हा विद्यार्थी व्हायचे, ही पूर्वी सर्रास चालणारी तोडही त्याच जुलैपासून बंद झाली, कारण ग्रॅज्युएट व्हिसावर असलेल्याला आता ऑस्ट्रेलियात राहून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करता येत नाही. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजारच्या मुलाचा दाखला म्हणूनच आज जाणाऱ्याला उपयोगाचा नाही. मेळाव्यांत मात्र असेच दाखले दिले जातात.

आता कायम निवासाकडे वळते. कुशल स्थलांतरितांसाठीचे तीन व्हिसे गुणांवर चालतात: कोणाच्याही शिफारशीविना मिळणारा १८९, राज्य सरकारच्या नामांकनावर मिळणारा १९०, आणि मोठ्या शहरांबाहेरच्या भागासाठीचा ४९१, जो आधी तात्पुरता असतो. यातल्या कोणत्याही व्हिसासाठी थेट अर्ज करता येत नाही. प्रथम आपला व्यवसाय त्यांच्या यादीत असावा लागतो; मग त्या व्यवसायासाठी नेमलेल्या संस्थेकडून कौशल्याचे मूल्यांकन करून घ्यावे लागते, जसे संगणक क्षेत्रासाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी आणि अभियांत्रिकीसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया; मग आपले गुण मांडून स्वारस्यपत्र, म्हणजे ज्याला सगळे ई. ओ. आय. म्हणतात ते, भरून ठेवायचे आणि बोलावण्याची वाट पाहायची. बोलावणे आले तर ६० दिवसांत अर्ज. किमान ६५ गुण लागतात असे नियम सांगतो आणि मेळाव्यातही तेवढेच सांगितले जाते. पण ६५ हा रांगेत उभे राहण्याचा परवाना आहे. बोलावणे वरच्या गुणांपासून येते, आणि अलीकडच्या फेऱ्यांत परिचारिका किंवा शिक्षक यांना जिथे ६५-७० च्या आसपास बोलावणे आले, तिथे हिशेबनीस आणि सॉफ्टवेअरवाले ९० च्या पुढे जाऊनही थांबलेले आहेत. जागाही किती, ते पाहावे: २०२४-२५ या वर्षाच्या कायम स्थलांतराच्या एकूण १,८५,००० जागांपैकी १८९ व्हिसासाठी १६,९०० ठेवलेल्या होत्या, त्या साऱ्या जगातून येणाऱ्या सगळ्या व्यवसायांसाठी, आणि त्यातही अर्जदाराबरोबर जाणारे कुटुंबीय मोजलेले.

हे गुण कसे जमतात ते एका उदाहरणाने सांगते, कारण पालकांना आकडे दिसले की चित्र लख्ख होते. समजा, मुलगी २७ वर्षांची आहे, अविवाहित आहे, मुंबईत आय. टी. ची पदवी आणि मेलबर्नमध्ये दोन वर्षांचे मास्टर्स केलेले आहे. २५ ते ३२ या वयाचे ३० गुण. आयएल्ट्सच्या चारही भागांत प्रत्येकी ८ मिळवले तर इंग्रजीचे २०, फक्त ७ मिळवले तर १०, आणि ६ वर शून्य. पदवीचे १५, मास्टर्सचे वेगळे गुण मिळत नाहीत, हे ऐकून बहुतेक पालक चकित होतात. ऑस्ट्रेलियात दोन वर्षे शिकल्याचे ५. जोडीदार नसल्याचे १०. इतके सारे उत्तम जमून आले तरी बेरीज होते ८०. तिथल्या एका वर्षाच्या, तिच्याच क्षेत्रातल्या नोकरीचे ५ धरले तर ८५, राज्याचे नामांकन मिळाले तर आणखी ५, म्हणजे ९०. म्हणजे इंग्रजीत अव्वल असलेली, वेळेत नोकरी मिळालेली आणि राज्याने निवडलेली मुलगीसुद्धा उंबरठ्याशी पोहोचते, एवढेच. त्या एका वर्षाच्या नोकरीतही अट आहे: काम ई. ओ. आय. मध्ये नोंदवलेल्या व्यवसायातले किंवा त्याच्याशी अगदी निगडित आणि आठवड्याला किमान २० तासांचे हवे. गोदामात, पेट्रोल पंपावर किंवा टॅक्सीच्या चाकामागे घालवलेले तास पोट भरतात, घरभाडे भागवतात, पण गुणांच्या खात्यात त्यांची नोंद होत नाही.

मुंबईत आधी केलेल्या नोकरीचे काय, असा प्रश्न हमखास येतो. परदेशातील अनुभवाला ३ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय एकही गुण नाही. संगणक क्षेत्रात तर मूल्यांकन करणारी संस्था सर्वसाधारणपणे संबंधित पदवीनंतरच्या अनुभवातली पहिली २ वर्षे उमेदवार कुशल ठरण्यासाठी वजा करते आणि उरलेल्याच काळाला कुशल अनुभव मानते. माझ्या भाचीने अंधेरीच्या एका कंपनीत तीन वर्षे काम केले होते. त्यातले एकच वर्ष उरले आणि त्याचे गुण शून्य. तरीही त्या कागदाची गरज होतीच, कारण त्यावर तिचे मूल्यांकन उभे होते. कंपनीने दिलेले पत्र चार ओळींचे होते: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदावर होत्या, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मूल्यांकनाला हवे होते ते वेगळेच. प्रत्यक्ष कोणते काम केले, कोणती तंत्रे वापरली, नोकरी पूर्णवेळ होती की अर्धवेळ, आणि हे सांगणाऱ्याचे पद काय, हे सगळे कंपनीच्या कागदावर सहीनिशी लागते. एच. आर. विभागाचे उत्तर आले की आमच्याकडे पत्राचा एकच नमुना आहे. शेवटी तिच्या जुन्या टीम लीडरने, जो तोवर ती कंपनी सोडून ऐरोलीत दुसरीकडे गेला होता, तिच्या कामाचा तपशील प्रतिज्ञापत्रावर लिहून दिला. त्याच्या सवडीच्या शनिवारी तिचे वडील डोंबिवलीहून ऐरोलीला गेले, मुद्रांक कागद घेतला, नोटरीसमोर सह्या झाल्या, शिक्के बसले, प्रत्येक पान स्कॅन होऊन मेलबर्नला गेले. हे काम ती इथे असताना, नोकरी सोडण्याच्या आठवड्यात, एका बैठकीत होण्यासारखे होते. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे आवर्जून सांगते: राजीनामा देण्याआधी कामाचा तपशील असलेले पत्र हातात घ्या, पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६ आणि बँकेचे खातेउतारे जपून ठेवा, आणि विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट व अभ्यासक्रमाची प्रत काढून घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

आता माझ्या स्वतःच्या कामाच्या क्षेत्रातली गोष्ट, जी मला सर्वांत गंभीर वाटते. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यावर एक वर्ष, ही बँकांच्या नमुना योजनेतली सवलतीची मुदत आहे. ग्रॅज्युएट व्हिसाशी हा हिशेब लावून पाहावा. अभ्यासक्रम संपतो, व्हिसा मिळतो, मग नोकरीचा शोध, ज्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला घ्यायला कंपन्या कचरतात. नोकरी लागली की तिथून पुढे एक वर्ष भरायचे, तेव्हा कुठे ते पहिले ५ गुण. म्हणजे कर्जाचा पहिला हप्ता दारात उभा राहतो तेव्हा मुलाच्या गुणांत भर पडलेली नसते. ४० लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज आणि १५ वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सुमारे ४३ हजारांचा हप्ता येतो, सवलतीच्या काळात साठलेले व्याज वेगळे. अशा वेळी मूल काय करते? जी मिळेल ती नोकरी धरते. ती त्याच्या व्यवसायातली नसते, त्यामुळे पुढच्या वर्षीही गुण वाढत नाहीत, आणि तीन वर्षांचा व्हिसा हप्ते फेडण्यात सरतो. मी पाहिलेल्या कित्येक बेतांची घडी इथेच विस्कटली. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर कर्जाची मुदत आणि व्हिसाची मुदत एका कागदावर शेजारी शेजारी मांडून कोणी पाहिली नव्हती म्हणून.

त्यात एक गैरसमज असा आहे की ई. ओ. आय. भरून ठेवले म्हणजे आपण रांगेत आहोत आणि रांगेतल्याला कोणी बाहेर काढत नाही. हे साफ चुकीचे आहे. ई. ओ. आय. म्हणजे अर्ज नव्हे. त्यामुळे तिथे राहण्याचा कोणताही हक्क मिळत नाही. बोलावणे येऊन प्रत्यक्ष अर्ज दाखल झाला, तोही हातातला व्हिसा जिवंत असताना, तरच निकाल लागेपर्यंत राहण्यासाठी ब्रिजिंग व्हिसा मिळतो. ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत संपण्याच्या दिवसापर्यंत बोलावणे आले नाही तर सामान बांधावेच लागते.

वयाबद्दलही पालकांशी स्पष्ट बोलायला हवे. आपल्याकडे सात-आठ वर्षे नोकरी करून, थोडी शिल्लक टाकून, मग परदेशी शिकायला जाण्याचा विचार करणारे पुष्कळ आहेत, आणि एरवी तो शहाणपणाचाही आहे. परंतु चौतीस पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्याची अभ्यासक्रम संपेपर्यंत छत्तीस पूर्ण होतात आणि ग्रॅज्युएट व्हिसाचे दार बहुतेक अभ्यासक्रमांसाठी बंद झालेले असते. गुणांच्या बाबतीत तेहतिसावा वाढदिवस होताच ३० चे २५ होतात, चाळिसाव्याला २५ चे १५, आणि पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर अर्जच करता येत नाही. वय मोजले जाते ते बोलावणे येते त्या दिवशीचे. कोणत्या वर्षी कोणता वाढदिवस येतो हे प्रवेश घेण्याच्या दिवशीच लिहून पाहता येते. त्याला कोणा सल्लागाराची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आनंदाने सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या हातातली आहे. तिथल्या समाजांच्या भाषा येणाऱ्याला ५ गुण देण्याची सोय आहे. त्यासाठी नाटी या संस्थेची परीक्षा असते आणि तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. इंग्रजी बोलणारा एक माणूस आणि मराठी बोलणारा दुसरा, यांच्यातले दोन संवाद ऐकून, प्रत्येक तुकडा दुसऱ्या भाषेत तोंडी सांगायचा. एकूण ९० पैकी ६३ गुण आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९ हवेत. भाचीचा सराव आम्ही व्हिडिओ कॉलवर घेतला. मी घरमालकाच्या एजंटाची इंग्रजी वाक्ये वाचायची आणि तिच्या आईने भाडेकरू बाईंची मराठी. इंग्रजी माध्यमात शिकलेली, घरात अस्खलित मराठी बोलणारी ही मुलगी भाडेकरार, अनामत रक्कम, मूत्रपिंड, रक्तदाब अशा शब्दांपाशी अडखळायची, आणि आईचे वाक्य जरा लांबले की त्याचे शेपूट हरवायचे. ती वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागली, आपलेच दैनिक इंटरनेटवरून, आणि काही आठवड्यांत जीभ वळली. तिथल्या एका वर्षाच्या नोकरीइतके गुण घरच्या भाषेने दिले. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी ही परीक्षा शेवटच्या वर्षावर ढकलू नये.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन शहरे सोडून उरलेला देश, पर्थ आणि ॲडलेडसुद्धा, प्रादेशिक भागात मोडतो. तिथल्या राज्याचे नामांकन मिळाले तर ४९१ व्हिसासाठी १५ गुण मिळतात. पाच वर्षांचा तो व्हिसा, त्यात तीन वर्षे तिथे राहून, काम करून, करभरणीचे कागद दाखवले की १९१ हा कायमचा व्हिसा मागता येतो. मला हा मार्ग आपल्या मुलांनी अधिक गांभीर्याने पाहावा असे वाटते. मेलबर्नमध्ये ओळखीची मराठी माणसे आहेत हे तिथेच राहण्याचे पुरेसे कारण नाही. दुसरी वाट मालकाच्या पाठिंब्याची. ७ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या व्हिसात पूर्वीच्या दोन वर्षांऐवजी एक वर्षाचा अनुभव पुरतो, आणि मान्यताप्राप्त मालकाकडे दोन वर्षे काम झाल्यावर मालकाला कायम निवासासाठी आपल्या कर्मचाऱ्याचे नामांकन करता येते. यात गुण लागत नाहीत, पण वर्षाला ७० हजार डॉलरहून जास्त पगार आणि कागद करायला तयार असलेला मालक लागतो. तो शोधण्याचे काम ग्रॅज्युएट व्हिसाच्या पहिल्या महिन्यापासून सुरू व्हायला हवे.

हे सारे ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर उघड लिहिलेले आहे. मग ते मेळाव्यातल्या टेबलापर्यंत का पोहोचत नाही? कारण टेबलावर बसलेल्याला विद्यार्थ्याच्या प्रवेशावर शिक्षणसंस्थेकडून कमिशन मिळते. विद्यार्थ्याला पाच वर्षांनी कायम निवास मिळाला की नाही याच्याशी त्याचे काही अडत नाही. सगळे सल्लागार फसवे आहेत असे मी म्हणत नाही, अत्यंत प्रामाणिक माणसेही मी पाहिली आहेत. पण व्यवस्थाच अशी आहे की सत्य सांगणाऱ्याचा धंदा कमी होतो. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या सल्लागाराला ती लागत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिसाविषयी सल्ला देण्यासाठी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील असावे लागते, आणि नोंदणीकृतांची यादी कोणालाही नाव टाकून तपासता येते. मुंबईत बसून पी. आर. चे आश्वासन देणाऱ्याला त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. क्रमांक नसेल तर त्याचे व्हिसाबद्दलचे बोलणे ऐकून घ्यावे, पण त्यावर कर्ज काढू नये.

दोष सगळा आपल्याकडचा नाही, हेही नमूद करते. विद्यार्थ्यांकडून भरभक्कम शुल्क घ्यायचे, त्यांना काही वर्षे काम करू द्यायचे, आणि कायमचे कोणाला ठेवायचे याची उत्तरे मात्र दरवर्षी बदलायची, हे त्या देशाचे वागणे न्याय्य नाही. त्यांच्याच सरकारने नेमलेल्या आणि मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२३ मध्ये त्या देशाच्या स्थलांतर व्यवस्थेवर कठोर टीका केली आणि माणसे वर्षानुवर्षे तात्पुरतीच राहतात याकडे बोट दाखवले. कोणाला ठेवायचे हा त्यांचा अधिकार आहे. परंतु अभ्यासक्रम सुरू करताना जे नियम होते, निदान ग्रॅज्युएट व्हिसापुरते तरी, तेच त्या विद्यार्थ्याला लागू राहावेत अशी मागणी आपल्या सरकारने दोन्ही देशांच्या चर्चेत करायला हवी. मे २०२३ मध्ये स्थलांतर आणि गतिशीलतेविषयी दोन्ही देशांत करार झालेला आहे, तेव्हा ही मागणी मांडायला जागाही आहे.

इथे मुंबईत जे करता येईल ते मात्र लगेच व्हावे. बँकांनी परदेशी शिक्षणाचे कर्ज मंजूर करताना एक पानी तक्ता विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून भरून घ्यावा: अभ्यासक्रम संपेल तेव्हाचे वय, मिळू शकणाऱ्या व्हिसाची मुदत, पहिल्या हप्त्याची तारीख आणि परत यावे लागले तर इथल्या पगारावर हप्ता कसा भागेल याचा हिशेब. यात कर्ज नाकारण्याचा हेतू नाही. मी असा हिशेब अर्जदारांना समोर बसवून तोंडी करायला लावत असे, आणि तो पाहून काहींनी अभ्यासक्रम बदलला, काहींनी कर्जाची रक्कम कमी केली, आणि बहुतेक जण डोळे उघडे ठेवून गेले. महाविद्यालयांतील प्लेसमेंट कक्षांनी मेळाव्यांना जागा देताना सल्लागाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात, कमिशन घेतो की नाही आणि कायम निवासाचे आश्वासन देत नाही, आणि तो कागद विद्यार्थ्यांना दिसेल असा लावावा. विद्यापीठांनी ट्रान्सक्रिप्ट आणि जुन्या अभ्यासक्रमाच्या प्रती परदेशातून ऑनलाइन मागता येतील आणि ठरलेल्या मुदतीत मिळतील अशी व्यवस्था करावी, कारण ६० दिवसांची मुदत कोणाच्या कार्यालयीन सुट्ट्या पाहून थांबत नाही.

जी मुले कायम निवास न मिळता परत येतात, त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. त्यांच्याजवळ चांगली पदवी असते, तिथल्या कामाचा अनुभव असतो, आणि घरी मात्र सोसायटीच्या जिन्यात कोणी भेटले तर काय सांगायचे या काळजीने आई-वडील खाली मान घालून जातात. गुणांची यादी त्या वर्षी कुठे थांबली यावर त्या मुलाची किंमत ठरत नाही. त्याला परत आल्यावर कर्जाची फेररचना, म्हणजे हप्ता कमी करून मुदत वाढवणे, बँकेकडे मागता येते. ती मागायला पालक संकोचतात. त्यांनी शाखेत जाऊन, हप्ता थकण्याच्या आधी, लेखी अर्ज द्यावा.

आपल्याला एक विनंती आहे. ऑस्ट्रेलियाचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि व्हिसाचे बरेचसे बदल त्याच सुमारास लागू होतात. दरवर्षी त्या आठवड्यात आपल्या शिक्षणविषयक पानावर ग्रॅज्युएट व्हिसा आणि कुशल स्थलांतराच्या नियमांत काय बदलले याचा मराठीत, आकड्यांसह, आढावा द्यावा, आणि त्याच पानावर येणाऱ्या सल्लागारांच्या जाहिरातींत पी. आर. ची हमी देणारा मजकूर छापू नये. आढाव्यासाठी गृहखात्याची मूळ पाने वाचून टिपणे काढण्याचे काम मी आनंदाने आणि विनामोबदला करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी
विलेपार्ले (पूर्व), मुंबई